जि. प. शाळेचा स्लॅब पडतोय, निधी कुठून मागायचा? तातडीने मदत हवी

पालक_सदस्य
शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. दोन खोल्यांच्या स्लॅबचे पोपडे पडून सळया दिसायला लागल्यात. मागे कुंपण नाही, गुरं थेट व्हरांड्यात येतात. ग्रामपंचायत म्हणते इमारत जिल्हा परिषदेची, पंचायत समिती म्हणते निधी नाही. नक्की कुठे अर्ज करू? पावसाळ्याआधी काम व्हायला हवं.

जमाखर्च
पट किती? समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. शंभरपर्यंत पट असेल तर वर्षाला 25 हजार (तीसच्या आत 10 हजारच), पुढे अडीचशेपर्यंत 50 हजार. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. बाकी वीजबिल आणि किरकोळ दुरुस्तीत संपतात. स्लॅब त्यात बसणार नाही.

लोकवर्गणीवाला
वर्गणी काढा, स्लॅब फोडा, पत्रे टाका. सरकारची वाट बघत बसलात तर मुलं मोठी होतील.

सळई_सिमेंट
असं अजिबात करू नका. जि. प. च्या इमारतीला विनापरवानगी हात लावलात आणि भिंत खचली तर समिती अडकेल. आधी पंचायत समितीच्या बांधकाम उपअभियंत्याकडून लेखी तपासणी अहवाल घ्या. सळई गंजली की फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. वरून गिलावा मारला तर तडा झाकला जातो, गंज तसाच वाढतो. ठोकून पोकळ आवाज येतो का हे अभियंता बघेल, तुम्ही खाली उभं राहून ठोकू नका.
आणि त्या खोल्यांत आत्ता मुलं बसतात का?

आई_२
२५ टक्के प्रवेशाचे फॉर्म कधी सुटणार?

जमाखर्च
तो वेगळा विषय आहे ताई, खाजगी शाळांचा. नवा धागा काढा.

पालक_सदस्य
पट 74. एका खोलीत तिसरी-चौथी बसते.

सळई_सिमेंट
उद्याच बाहेर काढा. खोलीला कुलूप लावा, सामानही ठेवू नका, कारण सामान आणायला मुलंच जातात. जुलै 2025 मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला शाळेचं छत कोसळून 7 मुलं गेली.

माहिती_अधिकार
आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

गटसाधन
त्याने कागद मिळेल, खोली नाही. पालक_सदस्य, युडायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) या खोल्यांची स्थिती काय लिहिली आहे? मुख्याध्यापकांना विचारा. 'चांगली' किंवा 'किरकोळ दुरुस्ती' असेल तर मोठ्या दुरुस्तीच्या यादीत तुमची शाळा दिसणारच नाही.
समितीचा ठराव करा: खोली क्रमांक, लांबी-रुंदी, कुठे सळई उघडी, सूचक, अनुमोदक, सोबत फोटो. तोच मजकूर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 च्या शाळा विकास आराखड्यात घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोच घ्या. अभियंत्याने खोली धोकादायक ठरवली तर दुरुस्तीऐवजी निर्लेखनाचा (खोली वापरातून बाद करून पाडण्याचा) प्रस्ताव आणि नवीन खोलीची मागणी सोबतच द्या. नुसतं निर्लेखन झालं तर जुनी खोली पाडली जाते आणि नवीचा पत्ता नसतो.

लोकवर्गणीवाला
कागदं रंगवण्यात वर्ष जाईल.

गटसाधन
स्लॅबला जाईल. कुंपणाला नाही. ते ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घाला, वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून होऊ शकतं. बंधित निधी फक्त पाणी-स्वच्छतेचा, तिथून शौचालय आणि नळ मागा. काम ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवरच्या आराखड्यात चढलं नसेल तर बिल निघत नाही. जि. प. ची ना हरकत आधीच घेऊन ठेवा.

पालक_सदस्य
युडायसमध्ये दोन्ही खोल्या 'किरकोळ दुरुस्ती' आहेत. आत्ताच कळलं.

गटसाधन
मग अभियंत्याचा अहवाल जोडून केंद्रप्रमुखांमार्फत युडायसमधली नोंद दुरुस्त करण्याचं पत्र द्या. अहवालावर खोली क्रमांक युडायसमधलाच हवा.