मदत हवी आहे: शाळेच्या अनुदानाचा हिशोब कुणाकडे मागायचा?

तापीकाठ
गावच्या जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. अनुदान आलं आणि संपलंही म्हणतात. इकडे पत्रा गळतोय, मुलींच्या शौचालयाचं दार सुतळीने बांधलंय. हिशोब मागितला तर "सगळं ऑनलाइन आहे." बीडीओकडे (गटविकास अधिकारी) जाऊ की जिल्हा परिषदेच्या सीईओकडे? लवकर सांगा, शनिवारी बैठक आहे.

आकडेमोड
कोणतं अनुदान? पट किती?

तापीकाठ
पटाचा काय संबंध? पत्रा गळतो म्हटलं ना.

आकडेमोड
समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान पटावरच ठरतं. तीसच्या वर शंभरापर्यंत 25,000, त्यापुढे 250 पर्यंत 50,000. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. म्हणजे ते दारही त्यातच बसतं.

निवृत्त गुरुजी
मुख्याध्यापकाला धरू नका. पैसा मार्चच्या तोंडावर येतो, खर्चा नाहीतर परत. एवढ्यात छप्पर होतं का? मग खडू, रजिस्टर, रंग यांचीच बिलं लागतात.

कपाशी
रंगाचं बिल लागतं गुरुजी, भिंतीला मात्र रंग दिसत नाही!

निवृत्त गुरुजी
सगळे सारखे नसतात. शाळेचं वीजबिल खिशातून भरणारे मी पाहिलेत.

अर्थशास्त्रवाला
शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा, हे कोठारी आयोगापासून चाललंय. पण कारभार ढिला असेल तर वाढीव पैसाही मधेच जिरतो. युगांडात 1991 ते 1995 मध्ये शाळांच्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोचले. पुढे सरकारने रकमा वर्तमानपत्रात छापल्या, शाळांना फलकावर लावायला लावल्या, तेव्हा गळती बरीच घटली.

कपाशी
युगांडा राहू दे भो, इथलं बोल.

अर्थशास्त्रवाला
इथलंच बोलतोय. फलक लावायला कुणाची परवानगी लागते?

केळीबाग
एवढा ताप कशाला? पोराला इंग्रजी शाळेत टाका. आमच्याकडे व्हॅन दारात येते.

कपाशी
अन् ज्याच्या दारात व्हॅन येत नाही त्याचं काय?

आकडेमोड
धागाकर्ते, बीडीओ नंतर. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21: अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं समितीचंच काम. शनिवारी कॅशबुक, खात्याचा उतारा, बिलं समोर मागा. मागितल्याचं इतिवृत्तात लिहून घ्या. नाही दिलं तर माहिती अधिकार: 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांत उत्तर.

तापीकाठ
पट 104. पण इतिवृत्ताच्या कोऱ्या पानावर सगळ्यांच्या सह्या आधीच घेतल्यात. चालतं का असं?

आकडेमोड
अहो, हे पहिल्याच प्रतिसादात सांगायचं ना! त्या पानाचा आजच फोटो काढून ठेवा.

केळीबाग
अवांतर: व्हॅनवाल्याचा नंबर हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.