लष्करी मुख्यालयाची इमारत: ठेकेदार भागीदार की नुसता ठेकेदार? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

साइटवरचा

एका छावणीत मुख्यालयाच्या इमारतीवर मी ठेकेदाराचा साइट इंजिनिअर होतो. बी/आरचं, म्हणजे बांधकामाचं टेंडर आधी निघालं आणि ई/एमचं, म्हणजे वीज-एसीचं, आठ महिन्यांनी. ऑपरेशन्स रूमचा स्लॅब टाकून झाल्यावर एसीवाला नकाशे घेऊन आला. त्याचा हवेचा डक्ट नेमका बीममधून जात होता. बीमखालून नेला तर फॉल्स सीलिंग इतकं खाली यायचं की भिंतीवरचा मोठा नकाशा मावत नव्हता. डक्ट छोटे करून मार्ग बदलायचा, हे मला, एसीवाल्याला आणि लष्करी खात्याच्या अभियंत्याला, तिघांनाही पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ते कागदावर यायला चार महिने गेले. तिघंही एकाच आवारात बसत होतो आणि एकमेकांना पत्रं लिहीत होतो. मधल्या काळात माझे सुतार निघून गेले, ते परत आलेच नाहीत.

हे टाळता येतं. अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे लष्कराच्या अभियंता शाखेने, १९८० च्या दशकाच्या शेवटी, ठेकेदारांच्या दाव्यांना कंटाळून, 'पार्टनरिंग' सुरू केलं. अलाबामात टस्कलूसाजवळच्या ऑलिव्हर लॉक या नदीवरच्या जलद्वाराचं काम त्यातल्या पहिल्यांपैकी. पुढे लष्करी इमारतींनाही तीच पद्धत लावली. काम सुरू होण्याआधी कोअरचे अभियंते, ठेकेदार, मोठे उपठेकेदार आणि इमारत वापरणारे एका खोलीत बसतात. बैठक चालवायला तिऱ्हाईत माणूस असतो, त्याचा खर्च बहुधा निम्मा-निम्मा. शेवटी एका पानाच्या सनदेवर सगळे सह्या करतात. साइटवर वाद ठरलेल्या दिवसांत मिटला नाही तर तो आपोआप वरच्या पायरीवर जातो, दाबून ठेवता येत नाही. करारातलं एक कलमही बदलत नाही.

एमईएसने (लष्करी बांधकामं पाहणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसने) मुख्यालयांच्या कामांवर तरी हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

दापोडीकर

पूर्ण असहमत. माझी नोकरी काँट्रॅक्ट शाखेत गेली, म्हणून लिहितो.

आपल्याकडे ठेकेदार निवडला जातो एल-वन म्हणून. ज्याने सगळ्यात कमी दर भरला त्याचा डोळा पहिल्या दिवसापासून डेव्हिएशनवर, म्हणजे करारानंतरच्या बदलांवर, असतो, कारण नफा तिथेच उरतो. त्याला भागीदार म्हणून टेबलावर बसवायचं आणि जी.ई.ने (गॅरिसन इंजिनिअर, कामावरचा एमईएसचा अधिकारी) त्याच्यासमोर 'आमची चूक झाली' म्हणायचं? ते वाक्य दोन वर्षांनी त्याच्या दाव्यात जोडपत्र म्हणून येतं. मी अशी जोडपत्रं वाचली आहेत.

दुसरं, सही कुणाची? अमेरिकेत काँट्रॅक्टिंग ऑफिसरच्या सहीने सरकार बांधलं जातं, आणि तो अधिकार ठरावीक रकमेपर्यंत त्याच्या एकट्याच्या हातात असतो. आपल्या जी.ई.च्या हातात फार थोडं असतं. मर्यादेबाहेरचं डेव्हिएशन त्याच्या वरच्या सी.डब्ल्यू.ई.कडे (कमांडर वर्क्स इंजिनिअर), तिथून चीफ इंजिनिअरकडे जातं. सनदेवर सही करणारा जी.ई. दोन-तीन वर्षांत बदलून जातो. ऑडिटवाला पाच वर्षांनी येतो आणि विचारतो, 'कोणत्या अधिकारात?' उत्तर द्यायला तिथे उरतो फक्त ज्युनिअर इंजिनिअर. चार महिने लागले हे वाईटच, पण त्या चार महिन्यांनी कुणाची तरी पेन्शन वाचवली असेल.

कलम सत्तर

दापोडीकर काका, तुमच्या वेळची एक वाट आता बंद होत चालली आहे. आय.ए.एफ.डब्ल्यू. २२४९, म्हणजे एमईएसच्या करारांच्या सर्वसाधारण अटी, यांतल्या कलम ७० प्रमाणे लवाद खात्यानेच नेमायचा, तोही बहुतेक खात्यातलाच अधिकारी. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की सरकारी करारात एका बाजूने एकतर्फी लवाद नेमणं समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. त्याआधी जून २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने देशांतर्गत खरेदी करारांत लवाद साधारणपणे १० कोटींखालच्या वादांपुरता ठेवायला सांगितलं. मुख्यालयाच्या इमारतीतला मोठा वाद मग मध्यस्थीकडे नाहीतर थेट कोर्टात. म्हणजे साइटवर मिटवणं ही आता गरज आहे. मी साइटवरच्याच्या बाजूने.

नकाशा बंद

एक मुद्दा राहतोय. ही शाळेची इमारत नाही. ऑपरेशन्स रूम कुठे, केबल कुठून, जनरेटर कुठे, हे उपठेकेदारांसकट वीस जणांसमोर मांडायचं? मजुराला गेट पाससाठी पोलीस पडताळणी लागते आणि इथे नकाशे पसरायचे? माझा विरोध.

साइटवरचा

जो एसी बसवणार आहे, त्याला ती खोली दिसणारच आहे. प्रश्न फक्त स्लॅबच्या आधी की नंतर. पेंटॅगॉन घ्या. ११ सप्टेंबर १९४१ ला काम सुरू, १५ जानेवारी १९४३ ला उद्घाटन. नकाशे आणि काँक्रीट एकाच वेळी चाललं होतं, आणि तेही युद्ध चालू असताना.

दापोडीकर

पेंटॅगॉनचा खर्चही सांगा. सुरुवातीचा अंदाज साडेतीन कोटी डॉलर, शेवटी आकडा सुमारे ८.३ कोटी. ठेका 'होईल तो खर्च आणि वर ठरलेलं शुल्क' असा होता, म्हणून ठेकेदाराला भांडायचं कारणच नव्हतं. आपल्या लम्सम, म्हणजे एकूण रक्कम आधीच ठरलेल्या, कराराला तो दाखला लागू नाही.

साइटवरचा

मान्य, तो दाखला मागे घेतो. पण बीममधल्या डक्टचं काय? त्यात कुणाची लबाडी नव्हती, कुणाचा नफा नव्हता. बी/आर, ई/एम आणि युजर युनिट स्लॅबच्या आधी एक दिवस एकत्र बसले असते तर पुरलं असतं. तेवढ्यालाही तुमची हरकत आहे का?

दापोडीकर

तेवढ्याला नाही. बैठकीचा इतिवृत्तांत सी.डब्ल्यू.ई.च्या सहीने निघू दे, त्यात ठरलेला प्रत्येक बदल त्याच आठवड्यात डेव्हिएशन ऑर्डरसाठी वर जाऊ दे, आणि ई/एमचं टेंडर बी/आरबरोबरच निघू दे. सनद मात्र नको. त्या कागदावर मी सही केली नसती आणि माझ्या हाताखालच्या कुणालाही करू दिली नसती.