मदत हवी आहे: ऑनलाइन नाट्यसंगीत रेडिओचा परवाना

नमस्कार मंडळी. फोंड्याहून आम्ही काही जण नाट्यसंगीताचा ऑनलाइन रेडिओ चालवतो. जाहिराती नाहीत, खर्च वर्गणीतून. आता एका संगीत कंपनीने गाणी वाजवण्याच्या परवान्यासाठी मागितलेली रक्कम त्यात बसतच नाही. एफएमला कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड खाली ठरावीक दराने परवाना मिळतो. इंटरनेटला ते लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. म्हणजे प्रत्येक कंपनीशी वेगळी बोलणी! ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, म्हणून दीनानाथांच्या, केसरबाईंच्या जुन्या तबकड्यांची तेवढी अडचण नाही. पण गीतकार-संगीतकारांचा हक्क मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. छोट्या, ना-नफा रेडिओसाठी आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी संस्था) कोणी परवाना घेतला आहे का? दर कसा ठरला? कलाकारांचे पैसे बुडवायचे नाहीत, रेडिओही बंद करायचा नाही. गोव्यात या विषयातले वकील माहीत असतील तर कृपया कळवा.