देवळाच्या कट्ट्यावरची दुपार

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे झाडं लावायची, फोटो काढायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचं. मला हे अजिबात पटत नाही. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि शिवाय सात दिवसांचं शिबिर.

आमचं शिबिर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी बोलणाऱ्या खेड्यात होतं. गटारं काढली, शाळेला रंग दिला, ते झालंच. पण खरं काम देवळाच्या कट्ट्यावर झालं. संध्या सुरक्षा, म्हणजे कर्नाटक सरकारची म्हाताऱ्या माणसांसाठीची पेन्शन, तिचा अर्ज कन्नडमध्ये आणि गावातल्या आज्जींना कन्नड वाचता येत नाही. माझ्या गटातली सौंदत्तीकडची, कन्नड येणारी मैत्रीण अर्ज वाचायची, मी मराठीतून विचारायची. आज्जींचं आधार कार्ड कमरेच्या पिशवीत, पिशवीची गाठ काही सुटेना. सुटली तर आधारवर नाव एक, रेशन कार्डावर दुसरंच! चार अर्जांना अख्खी दुपार गेली. नंतर आम्ही दोघी त्यांच्यासोबत नाडकचेरीत, म्हणजे असे अर्ज घेणाऱ्या सरकारी कचेरीतही गेलो.

एक खंत मात्र आहे. शिबिर संपलं की गावाशी संबंध तुटतो. एकच गाव निदान दोन वर्षं तरी धरायला हवं.

इथं कुणी प्राध्यापक असतील तर कळकळीची विनंती: पुढच्या सत्रात अर्ज भरण्यासाठी एक दिवस ठेवा, एक कन्नड येणारा आणि एक मराठी येणारा अशा जोड्या लावून.