डिस्ट्रीब्यूटर काढून टाकू का? मला खोडून काढा

जुनाट_चारचाकी (धागाकर्ता)

साठच्या दशकातली गाडी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर. सगळं काम स्वतःच हात काळे करून करतो. वर्षभर एकच रड आहे: आयडलिंगला इंजिन लंगडतं. डिस्ट्रीब्यूटर (कॉइलची ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) उघडून त्यातले पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, बदलले, कंडेन्सर बदलला, फीलर गेजने गॅप ०.४ मिमी लावला. चार दिवस बरं, मग ये रे माझ्या मागल्या. टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी लुकलुकणारा दिवा) मारली तर पुलीवरची खूण जागेवर थांबतच नाही, तीन-चार अंश मागेपुढे नाचते.

आता वाटतं, ही भानगडच नको. क्रँक पुलीवर दातेरी चक्र, शेजारी सेन्सर, दोन कॉइलचा पॅक आणि एक कंट्रोलर. कॅप, रोटर, पॉइंट सगळ्यांना नारळ. मत जवळपास झालंय, पण विरुद्ध बाजूही ऐकायची आहे.

तेलकट_बोटं

खूण नाचते म्हणजे डिस्ट्रीब्यूटरच्या शाफ्टचे बुश (आधाराच्या कड्या) गेलेत. शाफ्ट डुगडुगला की प्रत्येक लोबवर (पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्यावर) गॅप वेगळा पडतो. त्यात डिस्ट्रीब्यूटर फिरतो क्रँकच्या निम्म्या वेगाने, म्हणजे तिथली एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची. नवे बुश बसवा, आतल्या वजनांच्या स्प्रिंगा बघा, व्हॅक्युमची नळी तोंडाने ओढून डायफ्रॅम धरतो का तपासा. ढेकूण झाले म्हणून खाट जाळायची का?

ठिणगी

बुश बदलून डिस्ट्रीब्यूटर नव्यासारखा होईल, मान्य. पण नवा असतानाही तो काय करत होता? एक कॉइल चार सिलिंडरना पुरवत होती. ६,००० आरपीएमला मिनिटाला १२,००० ठिणग्या, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये फक्त ५ मिलिसेकंद. पॉइंट ९० पैकी ६० अंश मिटलेले धरले तर कॉइल भरायला साधारण ३.३. कॉइल पॅकमध्ये एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. प्रत्येकीला पूर्ण १० मिलिसेकंद मिळतात. जोडीतली एक ठिणगी एक्झॉस्टच्या वेळी वाया जाते, पण तिथे दाब कमी असल्याने ती फारसं काही खात नाही.

आणि अ‍ॅडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडणं)! दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा मिळून फार तर वाकडी-तिकडी रेघ काढतात. कंट्रोलरमध्ये प्रत्येक आरपीएम आणि लोडसाठी वेगळा आकडा भरता येतो.

तेलकट_बोटं

६,००० ला ही गाडी किती वेळा जाते, धागाकर्त्यालाच विचारा. ३,००० ला तुमचे ५ मिलिसेकंद आपोआप १० होतात. आणि ते आकडे भरणार कोण? लोडखाली दोन-चार अंश जास्त दिले की इंजिन नॉक करतं (पेट्रोल अवेळी भडकून ठोके पडतात), आणि उघड्या खिडकीच्या वाऱ्यात ते ऐकू येईपर्यंत पिस्टनला भोक. कारखान्याने तो वक्र इंजिन चाचणीला लावून काढला होता, अंदाजाने नाही.

ठिणगी

तेव्हाच्या पेट्रोलवर.

तेलकट_बोटं

बरं, हे मान्य.

वंगण

तुमचं चालू द्या. धागाकर्त्याने डिस्ट्रीब्यूटर उपटून भोकावर झाकण मारण्याआधी खाली काय जोडलंय ते बघावं. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये ऑइल पंप त्याच शाफ्टवर फिरतो. बीटलमध्ये तो ड्राइव्ह पेट्रोल पंपाची दांडीही ढकलतो. अशा इंजिनात वरचं डोकं गेलं तरी ड्राइव्ह आत राहिलाच पाहिजे. नाहीतर ठिणगी फक्कड आणि बेअरिंगं कोरडी.

दोन_सिलिंडर

"जुन्या गाडीत हे शोभत नाही" असं कोणी म्हणायच्या आत सांगतो: १९४८ मध्ये आलेल्या सिट्रोएन टू-सीव्हीला डिस्ट्रीब्यूटर नव्हताच. कॅमशाफ्टच्या टोकाला पॉइंट, एक दुतोंडी कॉइल, दोन्ही प्लगला एकदम ठिणगी. म्हणजे ही कल्पना तुमच्या गाडीपेक्षा जुनी आहे.

वाटेत_अडकलेला

माझा अनुभव आणि चूकही माझीच. दातेरी चक्र मी पुलीच्या बाहेरच्या कड्यावर बसवलं. पुली रबरवाल्या डॅम्परची होती. रबर सुटलं, कडं सरकलं, टायमिंग भलतीकडे गेलं. मी मात्र दोन दिवस कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो. चक्र हबलाच पक्कं करा. आणि टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असतानाची) खूण जुन्या पुलीवरून घेऊ नका, पिस्टन स्टॉप लावून स्वतः काढा.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. पॉइंट खराब झाले तर कानस फिरवून घरी पोचता येतं. सेन्सर मेला की गाडी ढकलायची.

ठिणगी

म्हणून फोर्डचं ईडीआयएस (डिस्ट्रीब्यूटर नसलेली इग्निशन) बघा, त्याच्या चक्राला ३६ दात, त्यातला एक गायब. वरचा कंट्रोलर मेला तरी मूळ मॉड्युल स्थिर १० अंशांवर ठिणगी देत राहतं. रडत का होईना, गाडी घरी येते. सेन्सर मेला तर मात्र खरंच ढकला.

तेलकट_बोटं

मधला रस्ता कोणी सुचवत नाही. पॉइंट काढून कॅपच्या आत इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवा. बाहेरून काही दिसत नाही, परत फिरवायचं तर अर्ध्या तासात जुनं सगळं जागेवर.

ठिणगी

आणि डुगडुगणारा शाफ्ट? तो तसाच राहणार ना?

तेलकट_बोटं

आधी बुश बदला, हे पहिल्याच प्रतिसादात सांगितलंय.

जुनाट_चारचाकी

आज कॅप काढून शाफ्ट हाताने हलवला. नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका हलतो. बुशसाठी डिस्ट्रीब्यूटर बाहेर काढतोय. बाहेर आहेच तर खाली ऑइल पंपाचं काय ते बघून घेतो. अजून एक शंका: कॉइल पॅक लावला तर डॅशबोर्डवरच्या आरपीएम काट्याचं काय?

ठिणगी

एका कॉइलला जोडला तर निम्मंच दाखवेल. दोन्ही कॉइलचे पल्स एकत्र करणारा अडॅप्टर लागतो.

तेलकट_बोटं

म्हणजे ठरलंच म्हणायचं. बरं, दुरुस्त केलेला डिस्ट्रीब्यूटर फेकू नका, तेल लावून, कापडात गुंडाळून डिकीत ठेवा.

ठिणगी

सोबत जुनी कॉइल आणि बॅलास्टची (कॉइलचा प्रवाह मर्यादेत ठेवणारी) वायरही ठेवा. नुसता डिस्ट्रीब्यूटर घेऊन रस्त्याच्या कडेला काय करणार?