मदत हवी आहे: कुंपणालगतच्या एक्झोराची जात कोणती?

मुलुंडला सोसायटीच्या भिंतीलगत एक्झोरा या फुलझुडपाची रांग आहे. मधली काही झाडं मेली, तिथे हुबेहूब तीच जात लावायची आहे. नर्सरीत एक्झोरा मागितला की मिनी, म्हणजे बुटका प्रकार दाखवतात. त्याची पानं फारच लहान. आमच्या झाडाची पानं समोरासमोर, ८-९ सेंमी, जाड, चकचकीत. फूल शेंदरी, चार पाकळ्यांचं, बिनवासाचं. चीक नाही. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हे जातीचं लक्षण आहे का?

कुंडीकर: आधी एक्झोराच आहे ना, ते बघा. समोरासमोरच्या दोन देठांमध्ये खोडावर बारीक टोकदार उपपर्ण (देठाजवळचा पानासारखा छोटा भाग) दिसायला हवं. असाच दिसणाऱ्या पेंटास या झाडाला पाच पाकळ्या असतात, तो बाद.

रंगावर जाऊ नका, शेंदरी बऱ्याच वाणांत येतो. पाकळीचं टोक निमुळतं आणि पान जवळजवळ बिनदेठाचं असेल तर कॉक्सिनिया ही जात, म्हणजे आपली देशी. टोक गोलसर आणि पानाला आखूड देठ असेल तर चायनेन्सिस. गुच्छाच्या लगेच खालची पानं मात्र धरू नका. ती दोन्हींत लहान आणि बिनदेठाची असू शकतात, तिथेच बहुतेकांची फसगत होते. खालची तिसरी जोडी घ्या. छाटणीनंतरच्या जोमदार फुटीचीही पानं नकोत, ती नेहमीपेक्षा मोठी येतात.

धागाकर्ता: टोक गोल आहे. तिसऱ्या जोडीचा देठ ३-४ मिमी.

कुंडीकर: मग चायनेन्सिस किंवा तिचा संकर. नेमकं वाणाचं नाव फोटोवरून छातीठोक सांगता येणार नाही, आणि तुम्हाला ते लागतही नाही. रांगेतल्याच निरोगी झाडाची कलमं करा, वाण तंतोतंत तोच राहील. पावसाळ्यात अर्धवट पक्की, बिनफुलाची फांदी १०-१२ सेंमी कापा. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी करा. बुडाला मुळं फुटण्याची पावडर लावून समप्रमाणात वाळू-कोकोपीटमध्ये खोचा, वर प्लास्टिक, जागा सावलीची. साधारण सहा-आठ आठवडे लागतात. कोवळा शेंडा घेतला किंवा माध्यम चिखलासारखं ओलं ठेवलं की बूड काळं पडून कुजतं.

पानवेल: पिवळेपणा जातीचा नाही, लोहाची कमतरता आहे. जुनी पानं हिरवी असतील तर बहुधा हेच. भिंतीच्या पायाशी डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा असतो. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. नव्या झाडांसाठी दीड फूट खोल खड्डा काढून सगळं डेब्रिज बाहेर काढा, लाल माती आणि कुजलेलं शेणखत भरा. जुन्या झाडांना ईडीटीए चिलेटेड लोह (ईडीटीए या रसायनाशी बांधलेलं, झाडाला सहज घेता येणारं) लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. मातीत द्यायचं तर ईडीडीएचए या दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं आणा, ईडीटीए अशा मातीत टिकत नाही. पिवळी झालेली फांदी कलमासाठी घेऊ नका.