मदत हवी आहे: गोल्डन रिट्रीव्हरची मर्यादित नोंदणी पूर्ण नोंदणीत कशी बदलावी?

एडिसनकर:
आमच्याकडे गोल्डन रिट्रीव्हर जातीची कुत्री आहे. आईबापांची वंशावळ पाहून आणि सांगितलेली पूर्ण किंमत मोजून पिल्लू घेतले, परंतु अमेरिकन केनेल क्लबचे (कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था) प्रमाणपत्र आले ते ‘लिमिटेड रजिस्ट्रेशन’चे, म्हणजे तिच्या पिल्लांची नोंदणी होऊ न देणाऱ्या मर्यादित नोंदणीचे. विक्रेत्या बाईंना विचारले तर ‘दोन वर्षांची होऊ द्या, मग पाहू’ एवढेच उत्तर मिळते, आणि क्लबाला विचारले तर ते पुन्हा त्यांच्याकडेच पाठवतात. जादा शुल्क भरण्याची माझी तयारी आहे. कोणता अर्ज भरायचा, तेवढे कृपया कोणीतरी सांगावे. थोडी घाई आहे.

रानवाट:
घाई कशाची आहे, हे कळले तर उत्तर देता येईल. कुत्रीचे वय काय, पूर्ण नोंदणी कशासाठी हवी आहे आणि विक्रीचा लेखी करार झाला आहे का? अजिलिटी (अडथळे पार करणे) किंवा ओबीडियन्सच्या (आज्ञापालन) स्पर्धांसाठी हवी असेल, तर मर्यादित नोंदणीवरही त्यांत भाग घेता येतो. जातीच्या ठेवणीवरून निवड करणारे जे प्रदर्शन असते, तेवढेच तिला बंद असते.

एडिसनकर:
स्पर्धा नकोत. वय चौदा महिने. एकदाच वेत घ्यायचे आहे, कारण टोरांटोच्या भावाला आणि इथल्या दोन मित्रांना पिल्ले हवी आहेत. पुढच्या माजाला जुगवायचा विचार आहे. करार आहे, त्यात नसबंदीची सक्ती नाही.

खंड्या:
मग नोंदणी हवीच कशाला? पिल्ले घरातल्यांनाच द्यायची असतील तर वंशावळीचा कागद त्यांना काय कामाचा? ही मर्यादित नोंदणी म्हणजे ब्रीडर मंडळींची मक्तेदारी आहे: पिल्लू विकायचे, पैसे घ्यायचे आणि पुढची पिढी मात्र स्वतःच्या मुठीत ठेवायची. माझ्या शेजाऱ्यांनी अशाच कुत्रीचे वेत घेतले आणि पिल्ले उत्तम निघाली.

रानवाट:
खंड्या, पिल्ले दोन महिन्यांची असताना सगळीच उत्तम दिसतात; खुब्याच्या सांध्याचा दोष पुढे चालताना दिसू लागतो. एडिसनकर, मर्यादित नोंदणीचा अर्थ कुत्री अशुद्ध आहे असा मुळीच होत नाही. ती शुद्धच आहे आणि तिची नोंदही खरी आहे, मात्र तिला झालेल्या पिल्लांची नोंदणी क्लब करणार नाही, मग नर पूर्ण नोंदणीचा आणि कितीही नामांकित असो. नसबंदीशी या शेऱ्याचा संबंध नाही, तो विषय करारातला. आणि करारावरून वाद झालाच तर तो दिवाणी स्वरूपाचा असतो, त्यात क्लब पडत नाही. म्हणून करारात ‘प्रजननासाठी नाही’ असे शब्द आहेत का, ते आधी वाचा.

लीड्सवासी:
आमच्याकडे इंग्लंडमध्ये केनेल क्लब हेच काम ‘एन्डॉर्समेंट’ने करतो. संततीची नोंदणी नको असेल तर एक शेरा आणि परदेशी पाठवण्यासाठीची वंशावळ द्यायची नसेल तर दुसरा, असे दोन वेगळे शेरे असतात. विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी ग्राहकाची लेखी संमती ब्रीडरने घेतलेली असावी लागते. ती दाखवता आली नाही तर क्लब शेरा उठवू शकतो. तुम्ही अशी सही केली होती का?

एडिसनकर:
मी न्यू जर्सीत राहतो. इंग्लंडचा नियम मला कसा लागू होणार?

कोथरूडकर:
भारतात 2017 च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी तिच्यापासून वेत घेता येत नाही. चौदा महिन्यांच्या कुत्रीबद्दल इतकी घाई पाहून आश्चर्य वाटले.

एडिसनकर:
मी भारतातही नाही. कृपया मूळ प्रश्नाकडे या.

रानवाट:
मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की असा अर्ज तुम्ही करूच शकत नाही. मर्यादित दर्जा मागे घेण्याचा अर्ज वेताच्या मालकानेच भरायचा असतो, म्हणजे पिल्ले जन्मली तेव्हा त्यांची आई ज्याच्या नावावर होती त्याने. पिल्लू ज्यांनी तुमच्या हाती दिले त्याच वेताच्या मालक असतील असे नाही, आणि मालक एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाची सही लागते. कागदपत्रांवर कोणाची नावे आहेत?

एडिसनकर:
आताच पाहिले. दोन नावे आहेत. एक या बाईंचे, दुसरे ओहायोतल्या कोणाचे तरी. त्यांच्याशी माझे कधी बोलणेही झालेले नाही.

खंड्या:
पाहा! म्हणजे आता दोन ठिकाणी हात जोडा.

रानवाट:
हात जोडण्यापेक्षा तपासण्यांचे अहवाल पाठवणे अधिक उपयोगाचे ठरेल. ‘दोन वर्षांची होऊ द्या’ हे टाळण्यासाठी दिलेले उत्तर आहे असे तुम्हाला वाटते, पण मला तसे वाटत नाही. ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था खुब्याच्या एक्स-रेवरून अंतिम श्रेणी देते ती कुत्रा चोवीस महिन्यांचा झाल्यावरच. त्याआधीचा निष्कर्ष प्राथमिक मानला जातो. गोल्डनमध्ये खुब्यांबरोबर कोपरांचे सांधे, डोळे आणि हृदय यांच्याही तपासण्या अपेक्षित असतात. सर्व अहवाल चांगले आले तर सही देऊ, असा शब्द दोघांकडूनही आजच लेखी मागून घ्या, आणि पुढचा माज तसाच जाऊ द्या.

खंड्या:
आणि दहा महिने थांबून, तपासण्यांचा सगळा खर्च करूनही त्यांनी सही दिली नाही तर?

रानवाट:
तर नोंदणी मर्यादितच राहील. सही देण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करू शकत नाही, म्हणून तर खर्चाआधी लेखी मागा असे म्हटले.

एडिसनकर:
दोघींनाही ईमेल लिहायला घेतो. नसबंदीचे कलम नाही हे खरे, परंतु करारात ‘घरगुती सोबतीसाठी’ असे शब्द आहेत. त्यामुळे मसुदा पाठवण्याआधी इथल्या एखाद्या वकिलाला दाखवावा लागेल. मध्य न्यू जर्सीत कोणाच्या ओळखीत असल्यास व्यक्तिगत निरोप करावा.